शिजवायचे ते मसाले, वाइन नव्हे

प्रश्न: मागच्या हिवाळ्यात घरी पाहुणे येणार होते, म्हणून पहिल्यांदाच मसाल्याची गरम वाइन करून पाहिली. रेड वाइनची एक बाटली पातेल्यात ओतली, त्यात दालचिनी-लवंगेची पूड, अख्खं संत्रं चिरून आणि साखर घातली आणि चांगली मुरावी म्हणून पाऊण तास उकळत ठेवली. वास घरभर दरवळला, पण चव कडू आणि तुरट. भाऊ एक घोट घेऊन म्हणाला, "हा तर काढा झालाय." सगळ्यांनी पेले अर्धेच ठेवले. यंदा पुन्हा करायची इच्छा आहे. महागातली वाइन घेतली तर चव सुधारेल का? आणखी एक. वहिनीला सहावा महिना आहे. उकळल्यावर दारू उडून जाते, तेव्हा तिला अर्धा पेला द्यायला हरकत नाही, असं घरातले म्हणतात. तुमचं मत काय?

उत्तर: तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पहिल्यात चुकलं तर एक बाटली वाया जाईल, दुसऱ्यात चुकून चालणार नाही. वहिनींना ही वाइन देऊ नका. अर्धा पेला नको आणि चवीपुरता घोटही नको. गरोदरपणात अमुक इतकी दारू चालते, अशी कुठलीही सुरक्षित मर्यादा वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. पोटातल्या बाळासाठी ती पूर्ण वर्ज्य ठेवावी, हाच सल्ला डॉक्टर देतात.

'उकळल्यावर दारू उडून जाते' हा समज पुष्कळ घरांत आहे आणि तो अर्ध्या सत्यावर उभा आहे, म्हणून जरा नीट उलगडून सांगते. शुद्ध अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सियसला उकळतं, हे खरं. त्यावरून लोक असं धरून चालतात की पातेलं ७८ अंशांच्या वर गेलं की अल्कोहोल संपलं. पण वाइनमध्ये पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत पुरतं मिसळलेलं असतं. एकानं आधी उठून जावं आणि दुसऱ्यानं मागे राहावं, असं तिथे होत नाही. या मिश्रणाला उकळी फुटते ती नव्वदीच्या जरा पुढे, आणि वाफेतून दोन्ही बरोबरच जातात. अल्कोहोलचा वेग जास्त, एवढाच फरक. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात स्वयंपाकात किती अल्कोहोल उरतं याचे आकडे आहेत. उकळत्या द्रवात घालून लगेच आचेवरून उतरवलं तर सुमारे ८५ टक्के उरतं. मंद आचेवर १५ मिनिटं शिजवल्यावर ४० टक्के, अर्ध्या तासानं ३५, तासाभरानं २५, आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के शिल्लक असतं. पातेलं किती पसरट, झाकण होतं की नव्हतं, यावर हे मागेपुढे होतं, पण अंदाज यायला तेवढं पुरे. तुमची पाऊण तास उकळलेली वाइन पिण्याजोगी राहिली नव्हती, आणि बिनदारूचीही झालेली नव्हती.

मी खाली सांगणार आहे त्या पद्धतीत वाइनला उकळी येऊच द्यायची नसते. म्हणजे बाटलीतलं जवळजवळ सगळं अल्कोहोल पेल्यात येणार. ज्याला गाडी चालवायची आहे, जो दारूशी न जुळणारी औषधं घेतो आहे, जो दारूला शिवत नाही, त्यांनाही हेच लागू, आणि मुलांना तर देण्याचा प्रश्नच नाही. 'गरम केलीय, आता ती सरबतासारखीच' असं म्हणत कुणाच्या हातात पेला देऊ नका. वहिनींसाठी निराळं पेय शेवटी सांगते. ते 'त्यातल्या त्यात' म्हणून दिलेलं नाही, चवीला खरोखर छान लागतं.

आता काढ्याकडे वळू. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यातच सगळं निदान आहे: वास घरभर दरवळला. जो वास घरभर गेला, तो पेल्यात यायला हवा होता. वाइनचा फळासारखा सुगंध ज्या द्रव्यांमुळे येतो ती अतिशय उडती असतात, उकळीबरोबर ती वाफेवर स्वार होऊन निघून जातात. मागे राहतात ती न उडणारी द्रव्यं, म्हणजे आंबटपणा आणि टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेल्या या टॅनिनमुळेच जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. पाऊण तासात पातेल्यातलं पाणी आटलं, अल्कोहोल कमी झालं, आणि त्यानं येणारा किंचित गोडसर भरीवपणाही गेला. तुरट आणि आंबट मात्र होतं तेवढंच राहून दाट झालं. भावाला चवीची जाण चांगली आहे. औषधी काढा करताना आपण अगदी हेच करतो: उडणारं उडू द्यायचं, आटवून अर्क उतरवायचा.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. एक म्हणजे सालीसकट चिरलेलं संत्रं. सुगंधी तेल असतं ते सालीच्या वरच्या केशरी पापुद्र्यात. त्याखालचा पांढरा भाग आणि बिया कडू. तो कडूपणा थोड्या वेळात फारसा उतरत नाही, पाऊण तासात भरपूर उतरतो. दुसरी म्हणजे मसाल्याची पूड. पुडीतून सगळा अर्क झपाट्यानं सुटतो आणि तो थांबवणं आपल्या हातात राहत नाही, कारण पूड बाहेर काढता येत नाही. वाइन गढूळ होते, तळाशी दालचिनीचा बुळबुळीत गाळ बसतो. लवंगेचं तर फारच जपावं लागतं. तिच्यातलं युजेनॉल जीभ बधिर करतं, दातदुखीवर लवंगेचं तेल लावतात ते त्याचसाठी. मी एकदा उरलेली वाइन लवंगांसकट रात्रभर तशीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिला लवंगेखेरीज दुसरी चवच उरली नव्हती. तेव्हापासून लवंगा मोजून घालते आणि मोजून काढते.

तेव्हा सगळी मेख आहे ती मसाल्याला आणि वाइनला वेगवेगळी आच देण्यात. दालचिनी, लवंग, चक्रफूल ही लाकडासारखी कठीण, त्यांचा सुगंध बाहेर यायला उकळतं पाणी आणि वेळ लागतो. वाइनला तीच उकळी मारक ठरते. दोघांना एकाच पातेल्यात एकाच वेळी टाकलं की एकाचं भलं करताना दुसऱ्याचा बळी जातो. म्हणून मसाले आधी पाकात शिजवायचे, आणि वाइन मागाहून घालून फक्त ऊन करायची.

ही युक्ती माझी नाही, फार जुनी आहे. ॲपिशियसच्या नावावर असलेल्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात 'कॉन्डिटम पॅराडॉक्सम' नावाची मसालेदार वाइन आहे. तीत मध आधी थोड्या वाइनबरोबर आचेवर आटवायचा, मग मिरी, केशर, भाजलेल्या खजुराच्या बिया वगैरे घालायचं आणि शेवटी सौम्य वाइन ओतायची, अशी कृती आहे. सुरुवातीला वाइनची २ मापं, शेवटी १८. म्हणजे वीस मापांतली दोनच मध आटवताना लागायची. तिच्यात एक सुगंधी 'पान'ही पडायचं. बरेच अभ्यासक त्याला मॅलाबॅथ्रम मानतात, आणि हा शब्द आपल्या 'तमालपत्रा'वरून तिकडे गेला असं समजलं जातं. मला हे वाचून फार आनंद झाला होता. पुढे मध्ययुगीन युरोपात 'हिपोक्रास' आलं. त्यात दालचिनी, आलं, साखर वाइनमध्ये भिजवून ती शंकूच्या आकाराच्या कापडी पिशवीतून गाळून घेत. म्हणजे मसाल्यानं आपलं काम केलं की त्याला बाहेर काढायचं, हेही त्यांना ठाऊक होतं. जर्मन 'ग्ल्यूवाइन' आणि स्वीडिश 'ग्ल्योग' या तिकडच्या मसाल्याच्या गरम वाइन, आणि दोन्ही नावांत तापवण्याचा अर्थ आहे, उकळण्याचा नाही.

वाइन कुठली? महागातली नको. पिंपात वर्षानुवर्षं मुरवून आणलेले बारकावे दालचिनीच्या एका कांडीपुढे टिकत नाहीत, ते पैसे वाया जातात. इतकंच नाही, ओकच्या पिंपात मुरलेली, टॅनिननं भरलेली कॅबर्ने सोविन्योंसारखी वाइन तापवल्यावर जास्तच कडवट लागते. तरुण, फळाची चव असलेली, कमी तुरट रेड वाइन घ्या. मर्लो चालेल, ग्रेनाश चालेल, झिनफंडेलही चालेल. मात्र स्वस्त म्हणजे बिघडलेली नव्हे. आंबून शिरक्याच्या वाटेला लागलेली किंवा बुचाच्या बुरशीचा ओलसर वास मारणारी वाइन मसाल्यात लपेल असं वाटतं, पण ऊन झाली की तिचा दोष अधिकच वर येतो. बाटली उघडल्यावर अर्धा घोट तशीच घेऊन पाहा. नुसती प्यायला बरी वाटली तर पुढे जा. व्हाइट वाइनचीही छान होते, तिच्यात टॅनिन अगदीच थोडं असल्यानं कडवट व्हायची भीती कमी. तेव्हा लवंग कमी करून आलं आणि लिंबाची साल वाढवा.

भांडं स्टीलचं किंवा न उडालेल्या एनॅमलचं घ्या. वाइन आम्लधर्मी असते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या, तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ती चढवू नका. धातू वाइनमध्ये उतरतो.

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला बोटभर लांबीच्या दालचिनीच्या २ कांड्या (जाड सालीची, तिखट असेल तर एकच), ५ लवंगा, १ चक्रफूल, ३ ठेचलेले वेलदोडे आणि आल्याच्या २ पातळ चकत्या पुरतात. हे वाचून मसाला कमी वाटेल. वाटू दे. पुढच्या खेपेला एखादी लवंग वाढवता येते, पण पातेल्यात उतरलेली लवंग मागे घेता येत नाही. चक्रफूल खाण्याच्या मसाल्यातलंच घ्या. शोभेच्या वस्तूंत किंवा पॉपुरीत (खोलीत वासासाठी ठेवतात त्या सुक्या फुलापानांच्या मिश्रणात) त्याच्यासारखं दिसणारं जपानी चक्रफूल असू शकतं, आणि ते विषारी असतं. एका संत्र्याची वरची केशरी साल सोलाणीनं पट्ट्यापट्ट्यांत काढा, पांढरं येऊ देऊ नका. संत्रं आधी गरम पाण्यानं चोळून धुवा, सालीवर मेणाचा थर असतो. मग त्याच संत्र्याचा रस काढून बाजूला ठेवा.

पातेल्यात १५० मिलिलिटर पाणी, ८० ग्रॅम साखर, सगळे मसाले आणि संत्र्याची साल घाला. त्यात बाटलीतली पळीभर वाइन घाला. तिचं कारण आहे: मसाल्यातली सुगंधी तेलं नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, अल्कोहोलच्या सोबतीनं बरी उतरतात. ही पळीभर वाइन उकळणार आहे, तिच्यावर पाणी सोडायचं. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं हे चांगलं खदखदू द्या. एकतारी पाक करायचा नाही, मूळ पातळी निम्म्यावर आली आणि पळीला किंचित चिकटू लागलं की झालं. आता घरभर जो वास सुटेल तो मसाल्याचा असेल, वाइनचा नव्हे. गाळून घ्या. साल आणि मसाले इथेच निरोप घेतात. पेल्यात दिसायला हवी असेल तर दालचिनीची एक कांडी ठेवा, बाकी मोह आवरा.

गाळलेला पाक पुन्हा पातेल्यात घालून आच अगदी मंद करा. उरलेली वाइन आणि संत्र्याचा रस ओता. इथून पुढची आठ-दहा मिनिटं पातेल्यापासून हलू नका, फोन वाजला तरी. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७० अंशांवर थांबा, ८० ओलांडू देऊ नका. नसेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. आधी वर पांढुरकी वाफ धरते, मग कडेला तळाशी मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. तिथेच गॅस बंद करायचा. बुडबुडे सुटून वर येऊ लागले, पृष्ठभाग थरथरू लागला, की तुम्ही थोडं पुढे गेलात. बोटाला चटका बसेल पण फुंकर घालून लगेच घोट घेता येईल, इतकी ऊन हवी. शेवटी जायफळ किसणीवर दोनदा घासा.

साखर चाखायची ती आता, वाइन ऊन असताना. उष्णतेनं गोडी जिभेला जास्त जाणवते, म्हणून गार असताना बेताची लागलेली साखर पुढे फार होते. उलट ८० ग्रॅम तुम्हाला कमी वाटली तर चमचाभर वाढवा. कडवटपणा झाकण्यासाठी साखर ओतत राहणं मात्र टाळा. मला वाटतं गेल्या वर्षी तुम्ही तेही करून पाहिलं असेल. पाणीही वाढवू नका. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमात तर गोडीसाठी लागेल तेवढं वगळता ग्ल्यूवाइनमध्ये पाणी घालायलाच मनाई आहे, आणि पेयात अल्कोहोल किमान ७ टक्के असावं लागतं. बाजारात विकायच्या पेयाचा हा नियम घरी पाळायची सक्ती नाही, पण पातळ वाइनला चव राहत नाही हे खरंच आहे.

आता पाहुण्यांची गोष्ट. ते काही सगळे एकाच वेळी येत नाहीत, आणि दोन तास मंद आचेवर ठेवलेली वाइन शेवटी शिजतेच. नीट केलेली वाइन बिघडते ती बहुतेक इथेच. तयार झाली की सरळ थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी कढत पाण्यानं विसळून घ्या, म्हणजे ऊब टिकेल. काचेचे पेलेही तसेच कोमट करून घ्या, नाहीतर तडकतात. उरली तर गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा, पुन्हा ऊन करताना तीच काळजी. ब्रँडी घालायची कुणाला हौस असेल तर पातेलं खाली उतरवून, गॅस बंद करून घाला. ज्योतीजवळ कडक दारू ओतणं धोक्याचं आहे, तिची वाफ भडकते. रममध्ये भिजवलेली साखर पेटवून वाइनवर टपकवायची एक जर्मन रीत आहे, ती पाहायला देखणी असते, पण पाहुण्यांच्या गर्दीत घरी ती करावी असं मला वाटत नाही.

एक गोष्ट थंडीबद्दल. ही वाइन प्यायल्यावर अंगात ऊब पसरल्यासारखी वाटते. अल्कोहोलनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे रक्त जास्त येतं, म्हणून तसं वाटतं. प्रत्यक्षात शरीराची आतली उष्णता त्या वाटेनं बाहेर जाते. तेव्हा वाइन घेऊन स्वेटर काढून गच्चीत बसायचा बेत कुणी केला तर त्याला आत बोलवा.

आणि आता वहिनींचा पेला. वाइनऐवजी नुसता द्राक्षाचा रस तापवला की तो गोडमिट्ट लागतो, कारण वाइनचा आंबट-तुरटपणा त्यात नसतो. तो आणायचा डाळिंबातून. ६०० मिलिलिटर काळ्या द्राक्षांचा रस, २५० मिलिलिटर डाळिंबाचा रस, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. रस पाश्चराइज केलेले, बंद पाकिटातले घ्या. मसाले वरचेच, पण लवंगा तीन. ते १५० मिलिलिटर पाण्यात साखर आणि वाइन न घालता दहा मिनिटं शिजवून गाळा, रसात मिसळा आणि तसंच ऊन करा. रसालाही उकळी नको, जॅमसारखा शिजका वास येतो. लिंबू शेवटी. 'अल्कोहोलमुक्त' म्हणून मिळणाऱ्या वाइनच्या बाटल्यांत कधीकधी अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, म्हणून मी त्या सुचवत नाही. वहिनींना गरोदरपणात रक्तातली साखर वाढल्याचं निदान झालं असेल, तर फळांचे इतके रस घ्यायचे की नाही हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

हे पेय आधी करा, पातेली आणि गाळणी स्वच्छ असताना. वाइनची पळी त्यात जाता कामा नये. दोन थर्मास रंगानं सारखे असतील तर वहिनींच्या थर्मासच्या कानाला दोरा बांधा आणि पाहुणे येण्याआधी घरातल्या प्रत्येकाला तो दाखवून ठेवा. पहिला पेला त्यांचा भरा. गेल्या वर्षी काढा म्हणणाऱ्या भावाला तोही चाखायला द्या, दोन्हीतलं कुठलं जास्त आवडलं ते मला कळवा.